तीनास एक

शहापुरात, आमच्या पेढीवर
कसाचा एक दगड आहे, बाबांच्या तळहाताएवढा.
त्यावर ओढलेली रेघ बघून
बाबा एका शब्दात निकाल देतात:
चोख. किंवा हिणकस.
तिसरा शब्द मी कधी ऐकला नाही.

फेब्रुवारीपासून ग्रँट अडकली
आणि भुतरामहट्टीच्या प्रयोगशाळेत
सोन्याचा क्षार संपला.
बाबांनी तांबड्या कागदाच्या पुडीत एक गुंज दिली.
"काय करतीस त्याचं?"
"विरघळवते."
पुडी त्यांच्या बोटांतून
लगेच सुटली नाही.

अम्लराजात ती गेली, धूर सोडत,
आणि बाटलीत नुसता एक रंग राहिला.
पॅलेडियम होतं, मागच्या कुणा विद्यार्थ्याचं,
बाटलीवर कन्नडमध्ये: मुट्टबेडी.
हात लावू नका.
आम्ही लावला.

शिवलीला मेलिनमनी मोजते, मी ओतते.
नऊ बाटल्या.
एका कडेला निव्वळ सोनं, दुसऱ्या कडेला निव्वळ पॅलेडियम,
मधे सात भेसळी.

परीक्षा साधी.
हळद कालवल्यासारखं पिवळं पाणी,
त्यात एक थेंब,
आणि पिवळं जाईपर्यंत घड्याळ.

सोन्याला एकोणीस मिनिटं.
सोनं कुणाला धरतच नाही,
दारात आलेला रेणू
पाणीसुद्धा न विचारता परत जातो.
पॅलेडियमला अकरा.
ते धरतं आणि मग सोडत नाही,
जेवण झालेल्या पाहुण्याला बस गं बस करत राहतं,
मागचे उंबऱ्यावर ताटकळतात.

अर्ध्याला अर्धं, सात.
आणि पॅलेडियम तीन, सोनं एक:
शिवलीला "नोडु" म्हणाली
आणि मी मान वळवेपर्यंत
पाण्याचं पाणी झालं होतं.
एक मिनिट चाळीस सेकंद.
आम्ही पुन्हा केलं. पुन्हा.
चौथ्यांदा करताना मेसची भाकरी संपली.

यावर कुणीही काय म्हणेल मला ठाऊक आहे.
या गावात पाटीवरची अक्षरंसुद्धा मोजली जातात,
कुठली वर, कुठली किती मोठी.
बाहेरून आलेले परीक्षक म्हणालेच,
"अगदी तुमच्या बेळगावसारखं, मिसळलं की छान!"
शिवलीला हसली नाही.
मीही नाही.

कारण दहावी बाटली होती.
तेच तीन, तेच एक, वजनाला वजन.
फक्त आत पॅलेडियमचा गाभा
आणि वरून सोन्याची साल, अखंड.
अठरा मिनिटं.
कागदावर आकडा तोच होता.
शेजार नव्हता.

धारवाडहून फोटो आले.
चार नॅनोमीटरचे कण, सांडलेल्या मोहरीसारखे.
चांगल्या बाटलीत हा अणू त्याला खेटून,
तो याला, रांग नाही, सीमा नाही असं मी लिहिलं
आणि सरांनी "सीमा" खोडून "थर" केलं.
कोण कुणाला किती इलेक्ट्रॉन देतो
यावर सरांचं आणि समीक्षकाचं
अजून जमलेलं नाही.

आणि हेही लिहायला हवं:
सहाव्या वापराला तीन मिनिटं लागली,
अकराव्याला सात.
कण एकमेकांना चिकटतात, मोठे होतात,
मोठे झाले की कामाला कमी येतात.
हा आलेख आम्ही शेवटच्या पानावर ठेवला,
बारीक करून.

गणपतीच्या सुट्टीत बाबांनी विचारलं,
"माझी गुंज?"
मी बाटली पुढे केली. काजळाचं पाणी.
"चोख काय?"
"नाही. तीनास एक."
त्यांनी ती दिव्यासमोर धरली, हलवली,
बूच काढून करंगळी बुडवली,
आणि सवयीनं
कसाच्या दगडावर रेघ ओढली.

काळ्यावर काळं.
काहीच उमटलं नाही.
त्यांनी मेण लावून दगड पुसला,
पुन्हा बाटलीकडे बघितलं
आणि बराच वेळ
दोन्हीतला एकही शब्द काढला नाही.